संध्याकाळी गोठ्यात चावणारी बारीक चिलटं : मच्छरदाणीची जाळी लावूनही थांबत नाहीत

खाजनकाठ

नमस्कार. गोव्यात तिसवाडीत खाजनाच्या (भरतीच्या खाऱ्या पाण्याकाठच्या, बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) बांधापासून दोनशे पावलांवर गोठा आहे. चार संकरित जर्सी, दोन श्वेतकपिला (गोव्याच्या देशी गाई) आणि सहा शेळ्या. दिवे लागायच्या वेळेला टाचणीच्या टोकाएवढी काळसर चिलटं येतात. गाई पाय आपटत राहतात, धार नीट देत नाहीत. गोठ्याला मच्छरदाणीची जाळी मारली, काही फरक नाही.

आता एका जर्सीला अचानक १०५.५ ताप आला आहे. काल पुढच्या उजव्या पायाने लंगडत होती, आज मागच्या डाव्या. तोंडातून लाळ गळते, खुरात किंवा तोंडात जखम नाही. शेजारी म्हणतात हा चिलटांचा ताप. खरंच असतो का असा? गाईला काय द्यावं? खाजनाच्या चिखलात औषध फवारलं तर चिलटं मरतील का? मुलांच्या पायांवरही गांधी उठल्या आहेत. ब्राझीलमध्ये चिलटांमुळे ताप पसरल्याचं वाचलं, ते आपल्याकडे होऊ शकतं का?

गुरांचा डॉक्टर

आधी गाईचं बघू, बाकीचं नंतर.

लंगडणं एका पायावरून दुसऱ्या पायावर जातंय, ताप एकदम चढलाय, लाळ आहे पण तोंडात फोड नाहीत. हे सगळं तिवा, म्हणजे तीन दिवसांच्या तापाकडे बोट दाखवतं. हा विषाणूचा आजार आहे. तो डास आणि चिलटं या दोघांमार्फत पसरतो असं मानलं जातं. एका गाईकडून दुसरीकडे शिवाशिवीने तो जात नाही, त्यामुळे आजारी गाय लांब बांधून उरलेल्या वाचत नाहीत. सगळ्यांनाच कीटकांपासून जपावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं : या गाईला तोंडाने काहीही पाजू नका. नळीने काढा नाही, बाटलीने गूळपाणी नाही, तेल तर अजिबात नाही. तिव्यात घशाचे स्नायू अशक्त होतात, गिळणं बिघडतं आणि पाजलेलं औषध थेट फुफ्फुसात उतरतं. तिव्याने मरणाऱ्या गाई शंभरात एखाद-दोन. मात्र पाजल्यामुळे झालेल्या न्यूमोनियातून गाय क्वचितच उठते. ती पाणी स्वतःहून पीत असेल तर बादली तोंडाजवळ धरा, तेवढंच.

डॉक्टरांना आजच बोलवा. ताप आणि सांध्यांच्या वेदनेसाठी मेलोक्सिकॅम सहसा किलोमागे अर्धा मिलीग्रॅम या हिशोबाने देतात. चारशे किलोच्या गाईला २०० मिलीग्रॅम. डायक्लोफिनॅक कोणी आणून दिलं तर घेऊ नका. गिधाडांच्या मृत्यूमुळे ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे. गाय बसली आणि उठत नसेल, कान गार पडले असतील, पोट फुगत असेल तर रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं. मग शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं, पण ते हळू आणि हृदयाचे ठोके ऐकत. हे घरी करायचं काम नाही.

बसलेल्या गाईखाली निदान वीतभर गवत पसरा आणि दर तीन-चार तासांनी कूस बदला. एकाच कुशीवर दिवसभर राहिली तर खालच्या पायाचे स्नायू वजनाने चिरडतात, आणि ताप उतरल्यावरही ती उठत नाही. लोक म्हणतात तिव्याने पाय गेले. बऱ्याचदा पाय कूस न बदलल्याने गेलेले असतात. सावली हवी, जागा निसरडी नको. ताप उतरला तरी आठवडाभर लांब चरायला नेऊ नका.

दूध एकदम खाली येईल. दोन-तीन आठवड्यांत बरंचसं परत येतं, पण वेताच्या शेवटच्या टप्प्यातली गाय पूर्वीइतकी भरत नाही. भारी, जास्त दुधाच्या गाईंना आणि बैलांना हा आजार जड जातो, वासरांना हलका. गाभण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

पंखावरचे ठिपके

तुमची मच्छरदाणी का चालली नाही याचं उत्तर मापात आहे. साध्या मच्छरदाणीचं भोक सव्वा ते दीड मिलिमीटरचं असतं. हे चिलट १ ते ३ मिलिमीटर लांब, पण अंगाने इतकं बारीक की पंख मिटून त्या भोकातून सरळ आत जातं. त्याला अडवायला भोक ०.६ मिलिमीटरपेक्षा लहान लागतं. तशी जाळी गोठ्याला चारी बाजूंनी मारली तर ऑक्टोबरच्या उकाड्यात हवा कोंडते आणि गाई धापा टाकतात. माणसाच्या खाटेवर ती ठीक, गोठ्याला नको.

आधी ओळख पटवा. किनाऱ्यावर सगळे याला सँडफ्लाय म्हणतात, पण काळा आजार पसरवणारी वाळूमाशी वेगळी. ती केसाळ असते आणि बसताना पंख वर, इंग्रजी व्हीसारखे धरते. आपलं चिलट, शास्त्रीय नाव क्युलिकॉइडस, पंख पाठीवर सपाट, कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक ठेवतं. रात्री गोठ्यातल्या दिव्याखाली पांढऱ्या ताटलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून ठेवा. सकाळी त्यातले कीटक पांढऱ्या कागदावर घेऊन दहापट भिंगाने पाहा. बहुतेक जातींच्या पंखावर राखाडी-पांढरे ठिपके दिसतात, शाई सांडून पुसल्यासारखे. काही माद्यांचं पोट लालसर फुगलेलं असतं, त्या रक्त पिऊन आलेल्या. नर चावत नाहीत, त्यांच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार असतात.

आता चिखलाचा प्रश्न. खाजनात, तिवरांत औषध मारू नका. मासे-कोळंबी मरतील, आणि गाईंना छळणारी चिलटं तरीही राहतील. खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या जाती आहेत, त्या माणसाला चावतात हे खरं. पण भारतात गुरांचे आजार वाहणाऱ्या म्हणून ज्या जाती ओळखल्या जातात, ऑक्सिस्टोमा आणि पेरेग्रिनससारख्या, त्यांना शेणामुताने समृद्ध झालेला गोड्या पाण्याचा ओला चिखल आवडतो. तो खाजनात कमी आणि तुमच्या गोठ्यामागे जास्त असतो. स्वतःच्या बळावर हे कीटक सहसा काहीशे मीटरच उडतात. वाऱ्यावर मात्र फार लांब जातात.

बघायचं असेल तर गोठ्याच्या मोरीचं पाणी जिथे जमिनीत जिरतं, त्या काठाचा वरचा दोन-तीन सेंटिमीटर चिखल एक वाटीभर घ्या. बादलीत मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालून खारं पाणी करा आणि त्यात तो चिखल ढवळा. माती खाली बसते, अळ्या वर येतात : पांढऱ्या, चार-पाच मिलिमीटर, दोऱ्याच्या तुकड्यासारख्या, आणि सापासारख्या वळवळत झपकन पोहणाऱ्या. डासाची अळी श्वासासाठी वर येऊन लटकते, ही लटकत नाही. म्हणूनच पाण्यावर तेल टाकायचा डासांवरचा उपाय इथे फुकट जातो. अळी मातीत असते.

कुळागर

वरच्या मुद्द्याला जोडून. कुळागरात (माड-पोफळी-केळीच्या बागेत) घड काढल्यावर केळीचे खांब तिथेच पाडून ठेवतात. कुजणारा ओला खांब चिलटांच्या काही जातींसाठी पाळणाच असतो. खांब उभा चिरून फूट-दीड फुटाचे तुकडे करा आणि उन्हात पसरा, नाहीतर गायरीत (शेणखताच्या उकिरड्यात) खोल दाबा. ढिगाने सावलीत ठेवू नका.

एक विनंतीही आहे. सगळ्याच चिलटांच्या मागे लागू नका. याच कुळातल्या, न चावणाऱ्या फोर्सिपोमिया जाती कोकोच्या फुलांचं परागीकरण करतात. कोकोचं फूल इतकं लहान आणि आतून गुंतागुंतीचं की मधमाशी तिथे उपयोगी पडत नाही. ज्यांच्या माडाखाली कोको आहे त्यांनी झाडाखालचा पालापाचोळा साफ करू नये. गोठा साफ करावा.

खाजनकाठ

डॉक्टर, गाईला पाजायचं थांबवलं. लोक काढा घेऊन आले, त्यांना परत पाठवलं. संध्याकाळी इंजेक्शन झालं.

गोठ्यामागे मोरीचं पाणी केळीत सोडलं आहे, तिथे कायम ओलं असतं. मिठाच्या पाण्याचा प्रयोग केला, वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या. आता ते कसं सुकवू? केळींना पाणी तर हवंच. आणि जाळी नाही तर गाईंना वाचवायचं कशाने?

पंखावरचे ठिपके

वाऱ्याने. चिलट दुबळं उडतं. सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर वारा असला की त्याचं उडणं-चावणं जवळपास थांबतं. धुरापेक्षा, अगरबत्तीपेक्षा, निळ्या दिव्याच्या यंत्रापेक्षा पंखा बरा.

भिंतीवरचा २४ इंची पंखा दोन-तीन गाईंमागे एक, डोक्याच्या थोडा वर लावा आणि तोंड खाली तिरकं ठेवा, म्हणजे वारा पाठीवरून पोट आणि पायांपर्यंत पोचेल. नुसत्या पाठीवर वारा घातला तर चिलटं पोटाखाली आणि सडाजवळ जमतात. तपासायला गाईच्या गुडघ्याच्या उंचीवर वीतभर सुतळी बांधा. ती लोंबकळत राहिली तर तिथे वारा पोचत नाही, पंखा सरकवा. वायरिंग ओल्या जागेपासून वर, अर्थिंग पक्कं आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. ओल्या जमिनीवर उभी असलेली गाय माणसापेक्षा कमी विजेनेही दगावते.

वेळ पाळा. गोव्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातच्या. त्याच्या पाऊण तास आधी पंखा सुरू हवा. रात्रभर चालला तर उत्तम. वीज वाचवायचीच असेल तर सूर्यास्तानंतरचे तीन तास आणि पहाटे सूर्य वर येईपर्यंतचे दोन तास सोडू नका. धारेची वेळ शक्य असेल तर थोडी आधी घ्या. गोठ्यातला पांढरा झगझगीत दिवा काढून पिवळसर लावा आणि झगझगीत हवा असेल तर तो गोठ्यापासून वीस-पंचवीस मीटर दूर, म्हणजे चिलटं तिकडे वळतील.

सोडणांची (नारळाच्या सालींची) धुरी घालायची तर गोठ्याबाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. बंद गोठ्यात धूर कोंडला तर चिलटं थोडा वेळ हटतात आणि गाई खोकत बसतात. तिव्याच्या गाईजवळ तर धूर नकोच.

ओलाव्याचं असं. केळींना पाणी द्या, पण एकाच जागी रोज नको. मोरीचं पाणी तीन आळ्यांत वाटा आणि आळीपाळीने सोडा, म्हणजे प्रत्येक आळं मधे चार-पाच दिवस सुकेल. आपल्या उष्ण हवेत अंड्यापासून चिलट व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. वरचा थर त्याआधी एकदा जरी खडखडीत वाळला तरी ती पिढी तुटते. महिन्यातून एकदा केलेल्या साफसफाईचा उपयोग याच कारणाने होत नाही. ती दर आठवड्याला हवी. गोठ्याच्या जमिनीला ४० फुटांना एक फूट उतार ठेवा. डोणीतून सांडणारं पाणी बघा, डोणीभोवतीचा तो हातभर चिखल नेहमी नजरेतून सुटतो. तिथे जांभ्याचे चिरे बसवा.

शेण पसरून ठेवू नका. गायरीत उंच ढीग करा आणि काळ्या ताडपत्रीने कडा दाबून झाका. आत ढीग तापतो आणि अळ्या मरतात. मात्र कडेचा ओला पट्टा गार राहतो आणि अळ्या नेमक्या तिथे सरकतात, म्हणून दर आठवड्याला कडा उपसून मध्यावर टाका.

मेंढीबकरी

तुमच्या सहा शेळ्यांबद्दल अजून कोणी बोललं नाही. चिलटांचा सगळ्यात मोठा आजार शेळ्यामेंढ्यांचाच आहे : ब्लूटंग, नीलजिव्हा. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ मध्ये महाराष्ट्रातली. दक्षिणेत तो दर काही वर्षांनी पावसाळ्यानंतर उसळतो. युरोपात २००६ मध्ये ज्या उत्तरेकडच्या देशांत तो कधी नव्हता तिथे पोचला आणि तिथल्या स्थानिक चिलटांनीच तो पसरवला.

गाय-म्हैस बहुधा आजारी दिसत नाही, पण तिच्या रक्तात विषाणू कित्येक आठवडे राहतो. चिलट गाईला चावतं, उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोचतो आणि मग ते मेंढीला चावतं. म्हणून गाईंच्या दावणीशेजारी मेंढ्या बांधणं धोक्याचं. शेळ्यांना सहसा सौम्य होतो, मेंढ्यांना जबर.

लक्षणं : ताप, ओठ-चेहरा सुजणं, नाकातून आधी पाण्यासारखा आणि मग खपली धरणारा स्राव, हिरड्यांवर व्रण, खुराच्या वर जिथे केस संपतात तिथे लालभडक पट्टा आणि त्यामुळे गुडघ्यांवर चालणं. जीभ निळी पडतेच असं नाही, निळ्या जिभेची वाट बघू नका. पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा प्लेग) आणि लाळ्या-खुरकूतही असेच दिसतात, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय नाव देऊ नये. नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घ्यायचा, बर्फावर न्यायचा पण गोठू द्यायचा नाही. आजार जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९ च्या कायद्यातल्या यादीत आहे, संशय आला की पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणं बंधनकारक.

उपचार आधाराचेच. सावली, तोंड तुरटीच्या एक टक्का पाण्याने धुणं (लिटरला १० ग्रॅम) आणि चावायला लागू नये म्हणून पातळ तांदळाची पेज, थोडी थोडी. पोटात एकदम जास्त भात-पेज गेली तर आम्लता होते आणि मेंढी त्यानेच मरते. लस आहे, निष्क्रिय विषाणूंची, १, २, १०, १६ आणि २३ या पाच प्रकारांवरची. पावसाआधी द्यावी, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. घाटमाथ्यावरच्या बाजारातून जनावर आणलं तर निदान तीन आठवडे वेगळं, आणि तेही पंख्याखाली. नुसतं वेगळं बांधून चिलट थांबत नाही.

दवाखाना

माणसांबद्दल. मुलांच्या गांधी ही चिलटाच्या लाळेची ॲलर्जी. साबणाने धुवा, थंड पाण्याची घडी, कॅलामाइन लावा. खाज झोपू देत नसेल तर वयानुसार सेटिरिझिन डॉक्टरांना विचारून. नखं कापा, कारण खाजवून पिकलेली जखमच जास्त त्रास देते. पिवळा पू, पसरणारा लालपणा किंवा ताप आला तर दाखवा.

ब्राझीलमधला तो ताप ओरोपुचे. त्रिनिदादमधल्या नदीवरून नाव पडलं, विषाणू १९५५ मध्ये तिथेच सापडला. तो मुख्यतः क्युलिकॉइडस पॅराएन्सिस या अमेरिकेतल्या चिलटामुळे पसरतो. २०२४ मध्ये ब्राझील आणि क्युबात मोठी साथ आली, ब्राझीलमध्ये त्या तापाने झालेले पहिले मृत्यू नोंदले गेले. ती जात आपल्याकडची नाही. तिकडून परतलेल्याला ताप आला तर प्रवास कुठे झाला हे डॉक्टरांना सांगा. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला माकडताप गोचिडीमुळे होतो, चिलटांमुळे नाही. तिथे काळजी वेगळी घ्यावी लागते.

अंगाला डीईईटी २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के असलेलं मलम चालतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीईईटी नको. खोबरेल तेलाचा जाड थर दिला तर इतका लहान कीटक त्यात अडकतो, पण घाम आला की थर जातो, तासाभराने पुन्हा लावावा लागतो. पायाला लांब मोजे सगळ्यात सोपे, चिलटं जमिनीलगत जास्त असतात.

खाजनकाठ

गाय आज उठली, स्वतः पाणी प्यायली. दूध अजून निम्मंच आहे. पंखा लावतो. अंगावर डेल्टामेथ्रिन फवारू का? दुकानदाराने दिलं आहे. आणि लंपीही चिलटांमुळेच का?

गुरांचा डॉक्टर

उठली हे छान झालं. आठवडाभर तिला घाईला लावू नका.

लंपी चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्या तोंडाला लागून पसरतो. चिलटांचं नाव यादीत घेतलं जातं, पण मुख्य दोष त्यांच्यावर टाकू नका. त्याची लस वेगळी, ती चुकवू नका.

डेल्टामेथ्रिनची जनावरांसाठीची बाटली १२.५ मिलीग्रॅम प्रति मिली असते. लिटर पाण्यात २ मिली टाकलं की २५ पीपीएम होतं. आधी लेबल वाचा, जनावराचं आणि शेतीचं औषध एक नाही. शेतीचं गाईवर मारू नका. फवारा पाठीवर मारून थांबू नका, पोट, मांड्यांची आतली बाजू आणि पाय भिजले पाहिजेत. धारेनंतर मारा आणि पुढच्या धारेआधी कास धुवा. दूध किती काळ वापरायचं नाही ते लेबलवर असतं. पाऊस किंवा आंघोळीने औषध उतरतं. चिलटं कमी होतील, बंद होणार नाहीत. उघड्या जखमेवर, आजारी गाईवर नको.

आणि तुमच्या जागेपुरतं एक खास. डेल्टामेथ्रिन मासे आणि कोळंबीला अत्यंत विषारी आहे. फवारणीनंतरचं पाणी, पंप धुतलेलं पाणी, रिकामी बाटली यांतलं काहीही खाजनाच्या पोयीकडे (तळ्याकडे), मानशीकडे (बांधातल्या पाण्याच्या दाराकडे) जाणाऱ्या पाटात जाऊ देऊ नका. पंप बांधापासून लांब, कोरड्या मातीवर धुवा. भरती-ओहोटीच्या पाण्याला मानस उघडी असेल त्या दिवशी फवारूच नका.